दूरच्या विमानप्रवासाचे अंतर आणि वेळ काढण्यापूर्वीची तयारी

सर्वप्रथम दोन्ही विमानतळांची तीन अक्षरी सांकेतिक नावे तिकिटावरून उतरवून घ्यावीत. केवळ शहराच्या नावावर विसंबू नये, कारण सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तसे कॅनडातही आहे आणि लंडन, न्यूयॉर्क यांसारख्या शहरांना एकाहून अधिक विमानतळ आहेत.

अंतरासाठी सपाट नकाशावर पट्टी ठेवू नये. पृथ्वीगोल हाताशी असल्यास टोकियो आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये दोरा ताणून पाहावा: पॅसिफिक महासागरावरून सरळ पूर्वेकडे जाईल असे वाटणारा मार्ग अलास्कावरून वर चढतो आणि मग खाली उतरतो. हे बृहत्‌वृत्तावरील, म्हणजे पृथ्वीगोलावर काढता येणाऱ्या सर्वांत मोठ्या वर्तुळाच्या रेषेवरचे आणि सर्वांत कमी, अंतर होय. ते नॉटिकल मैलांत दिलेले असेल, तर १.८५२ ने गुणून त्याचे किलोमीटर करावेत. प्रत्यक्ष मार्ग याहून लांब असू शकतो, हेही ध्यानात ठेवावे. २०२२ मध्ये रशियाचे आकाश बंद झाल्यावर हेलसिंकी ते टोकियो हे सुमारे ९ तासांचे उड्डाण १३ तासांच्या आसपास गेले, शहरे मात्र होती तिथेच होती.

अंतराला ताशी ९०० किलोमीटरने भागले की हवेतील वेळेचा अंदाज येतो, पण तेवढ्यावर थांबू नये. न्यूयॉर्क ते लंडन हे अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर, म्हणजे हिशेबाने सहा तासांहून थोडे अधिक. वेळापत्रकात मात्र सुमारे सात तास दिसतात, कारण त्यात विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा सगळा वेळ धरलेला असतो. परतीला हेच अंतर कापायला आठ तास लागू शकतात, कारण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरील वेगवान वारा, तेव्हा समोरून येतो, आणि हिवाळ्यात त्याचा जोर अधिक असतो.

सर्वाधिक चुका होतात त्या घड्याळाच्या हिशेबात, म्हणून तो शांतपणे, कागदावर करावा. तिकिटावरील दोन्ही वेळा स्थानिक असतात. न्यूयॉर्कहून संध्याकाळी ७ वाजता निघून लंडनला सकाळी ७ वाजता पोहोचणे म्हणजे बारा तासांचा प्रवास नव्हे. त्यातून पाच तासांचा फरक वजा केला की सात उरतात. हा फरकही वर्षभर सारखा नसतो: मार्चमध्ये अमेरिका आपली घड्याळे ब्रिटनच्या आधी पुढे करते, तेव्हा काही दिवस तो चारच तासांचा होतो. त्यामुळे प्रवासाच्या तारखेचाच फरक पाहून दोन्ही वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर समान असलेल्या प्रमाणवेळेत, बदलून घेणे मला सर्वांत खात्रीचे वाटते, विशेषतः जिथे तारीख बदलते ती आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडायची असेल तेव्हा.

वाटेत विमान बदलायचे असल्यास प्रत्येक टप्पा वेगळा मोजावा आणि मधला थांबा त्यात मिळवावा. दोन टप्प्यांची तिकिटे स्वतंत्र असतील, तर सामान बहुधा मध्येच ताब्यात घेऊन पुन्हा जमा करावे लागते. त्यासाठीचा वेळ वेगळा राखून ठेवावा.