थंडीतील कमी उंचीचे उड्डाण : कार्ब्युरेटरमधील बर्फ कसा ओळखावा आणि काय करावे

पुण्याच्या हिवाळ्यात पारा १०-१२ अंशांवर असताना इंजिनात बर्फ साचू शकतो, हे नव्या प्रशिक्षणार्थी वैमानिकाला सहसा पटत नाही. मात्र इंधन आणि हवा यांचे मिश्रण करणाऱ्या कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना हवेचा दाब घटतो, तिथेच इंधनाचे बाष्पीभवन होते आणि तापमान २० अंशांहूनही अधिक उतरू शकते. त्यामुळे बाहेर २० अंश असले तरी हवा दमट असल्यास थ्रॉटलच्या (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणाऱ्या) झडपेभोवती बर्फ धरतो. या दृष्टीने कोरड्या, कडक थंडीपेक्षा उजनी धरणाच्या फुगवट्यावर धुके विरत असतानाची सकाळ अधिक धोक्याची आहे.

निघण्यापूर्वी हवामान अहवालातील तापमान आणि दवबिंदू यांतील अंतर पाहावे; ते जितके कमी, तितका धोका अधिक. रनअपच्या वेळी, म्हणजे उड्डाणाआधीच्या इंजिन-तपासणीत, कार्ब हीट (कार्ब्युरेटरला उष्ण हवा देणारी कळ) ओढून आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, घटतो की नाही, हे तपासावे. तो मुळीच घटला नाही, तर उष्ण हवा आत येत नसावी, आणि अशा विमानाने उड्डाण करू नये.

पात्यांचा कोन बदलता न येणाऱ्या पंख्याच्या विमानात पहिली खूण म्हणजे आरपीएमची संथ घसरण. ती इतकी हळू होते, की वैमानिक नकळत थ्रॉटल थोडे पुढे सारतो आणि खूण झाकली जाते. मला हीच सवय सर्वांत घातक वाटते. घसरण दिसताच कार्ब हीट पूर्ण ओढावी, अर्धवट नव्हे. आरपीएम आणखी घटेल, बर्फ वितळून पाणी इंजिनात गेल्याने ते काही काळ खडखडेल, आणि घाबरून कार्ब हीट बंद करण्याचा मोह होईल. तसे करू नये. बर्फ गेला की आरपीएम पुन्हा चढतो. खाली उतरताना थ्रॉटल कमी करण्याआधीच कार्ब हीट द्यावी, कारण कमी शक्तीवर बर्फ लवकर धरतो.

या सगळ्याला वेळ लागतो आणि कमी उंचीवर तोच नसतो. लहान प्रशिक्षण विमान ५०० फुटांवरून इंजिनाविना साधारण पाऊण मिनिटात जमिनीवर येते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे १८५० फुटांवर असल्याने उंचीमापकावरील २५०० हा आकडा प्रत्यक्षात केवळ ६५० फुटांची उंची असते, हे विसरू नये. उजनीच्या फुगवट्यावरील भिगवणजवळ हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे असतात, हे तिथे खाली न उडण्याचे आणखी एक कारण.

इंजिन बंदच पडले, तर आधी नाक खाली करून त्या विमानाचा ग्लाइडचा (इंजिनाविना तरंगत जाण्याचा) वेग धरावा आणि मागे वळू नये. समोरच्या पट्ट्यात, शक्यतो वारा येतो त्या दिशेला तोंड करून, तोडणी झालेले उसाचे किंवा हरभऱ्याचे शेत निवडावे. उभ्या उसात आणि ज्वारीत उतरणे टाळावे. विजेच्या तारा दिसत नाहीत, म्हणून खांब शोधावेत. वेळ असेल तरच मेडे (रेडिओवरील संकटाचा संदेश) द्यावा. टेकण्यापूर्वी इंधन, मॅग्नेटो (इंजिनातील ठिणगीचा स्रोत) आणि मास्टर स्विच (विमानाच्या विजेचा मुख्य स्विच) बंद करून दाराची कडी उघडावी, सऱ्यांना समांतर उतरावे, आणि विमान थांबताच बाहेर पडून वारा येतो त्या बाजूला दूर जावे.