घट्टसर मेक्सिकन चांपुरादो, गुठळ्या न होऊ देता

चांपुरादो म्हणजे नुसतं हॉट चॉकलेट नाही हं, मेक्सिकोत मक्याच्या पिठाचं जे अतोले नावाचं गरम, दाटसर पेय पितात ना, त्यातच चॉकलेट घातलं की झाला चांपुरादो. तिकडे सकाळी तमालेसोबत (मक्याच्या पिठात सारण भरून, पानात गुंडाळून वाफवलेला पदार्थ), आणि मृतांच्या दिवसाला, म्हणजे गेलेल्या माणसांच्या आठवणीच्या सणाला, डिसेंबरातल्या पोसादांना, म्हणजे नाताळाआधीच्या उत्सवांना, तर हवाच.

पीठ मात्र मासा आरीनाच, म्हणजे तिकडचं खास मक्याचं पीठच घ्या. पांढरं कॉर्नफ्लोअर म्हणजे नुसता स्टार्च, त्याने दाटपणा येतो पण ती भाजक्या मक्यासारखी चव येत नाही. मासासाठी मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळतात, त्यामुळे त्यात कॅल्शियम वाढतं आणि एरवी मक्यात अडकून बसणारं नायसिन (ब-3 जीवनसत्त्व) अंगी लागतं. हे तिथले लोक हजारो वर्षं करतायत.

चार कपांना अर्धा लिटर पाणी, अर्धा लिटर दूध, 60 ग्रॅम मासा आरीना, 90 ग्रॅम मेक्सिकन चॉकलेटची वडी, 50 ग्रॅम पिलोनसियो (उसाचा गूळच तो, त्यामुळे साधा गूळ चालतो), दालचिनीचा तुकडा आणि चिमूटभर मीठ.

निम्म्या पाण्यात दालचिनी आणि गूळ उकळा. उरलेल्या पाण्यात, म्हणजे गार पाण्यात, पीठ नीट कालवा. मी पहिल्यांदा पीठ थेट गरम दुधात टाकलं होतं आणि तासभर गुठळ्या फोडत बसले, शेवटी गाळून अर्धं पीठ फेकलं. तर कालवलेलं पीठ गाळणीतून उकळत्या पाण्यात ओता, दूध आणि चॉकलेट घाला, मंद आचेवर 12-15 मिनिटं ढवळत राहा, सोडून जाऊ नका, तळाला लगेच लागतं. चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली आणि ती तशीच राहिली की झालं. गार होताना अजून आळतं, म्हणून थोडं पातळ असतानाच उतरवा. मग मोलिनियो, म्हणजे तिकडची लाकडी रवी, दोन तळहातांत धरून घुसळायची, फेस आला पाहिजे. मोलिनियो नसेल तर व्हिस्क.

आता पोषण. एका कपात अंदाजे 250 ते 300 कॅलरी, 6 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन. ग्लुटेन मासात नसतं, तरी चॉकलेटचं लेबल बघाच. खरी गोम साखरेत आहे, त्या वडीत कोकोपेक्षा साखरच जास्त असते, वर गूळ, म्हणजे कपाला 25 ग्रॅमपर्यंत सहज. मी आता गूळ निम्माच घालते, दालचिनी जरा वाढवते, आणि घरात कुणाला कळलेलं नाही अजून.