दोन स्मार्टफोनची तुलना आपल्याच गावात कशी करावी

मेगापिक्सेल आणि रॅमचे आकडे कितीही मोठे असले, तरी परभणी किंवा हिंगोलीकडच्या एखाद्या खेड्यात, जाड भिंतींच्या माळवदाच्या घरात तो फोन कसा चालेल, हे त्या आकड्यांवरून कळत नाही. म्हणून जिथे फोन वापरायचा आहे, तिथेच तुलना करावी. मनात असलेली दोन्ही मॉडेल नात्यात किंवा शेजारी कोणाकडे असतील, तर ती एक-दोन दिवसांसाठी मागून घ्यावीत.

आधी आपली कामे कागदावर लिहावीत: ई-पीक पाहणीसाठी शिवारातून फोटो काढणे, मुलांचा ऑनलाइन अभ्यास, यूपीआयने पैसे देणे. या कामांना उपयोगी नसलेले वैशिष्ट्य तुलनेतून सरळ वगळावे.

जाहिरातीत क्वचितच ठळक दिसणारी एक गोष्ट मात्र अवश्य पाहावी, ती म्हणजे फोनला चालणारे नेटवर्क बँड, म्हणजे मोबाइलचा सिग्नल ज्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यांवर येतो ते पट्टे. भारतात ५जी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिचा मोठा वेग प्रामुख्याने ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या एन७८ बँडवर मिळतो. परंतु हा बँड टॉवरपासून फार लांब जात नाही आणि जाड भिंतीतून आत येताना क्षीण होतो. जिओकडे असलेला ७०० मेगाहर्ट्झचा एन२८ बँड वेगात मागे असला तरी पल्ल्यात पुढे आहे. त्यामुळे जिओचे सिम वापरणाऱ्या खेड्यातील ग्राहकाने एन२८ नसलेला फोन घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जिओचे ५जी स्टँडअलोन, म्हणजे ४जी नेटवर्कच्या आधाराशिवाय चालणाऱ्या पद्धतीचे असल्याने फोनमध्ये तीही सोय हवी.

वेग मोजताना एकच सिम आळीपाळीने दोन्ही फोनमध्ये घालावे, कारण वेगवेगळी सिमे वापरल्यास तुलना फोनची न होता कंपन्यांची होते. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेचे मायस्पीड अ‍ॅप घेऊन घरात, ओसरीवर आणि शेतात, त्याच जागी व लागोपाठ चाचणी करावी. सकाळी आणि रात्री आठ-नऊच्या सुमारास, म्हणजे टॉवरवर गर्दी असताना, प्रत्येकी पाच वेळा मोजून मधला आकडा धरावा; सर्वांत मोठा आकडा फसवा असतो. त्याबरोबरच सेटिंगमधील सिम स्टेटसमध्ये सिग्नलची ताकद पाहावी. ती डीबीएममध्ये उणे आकड्यात दिसते: ४जीवर उणे ९० चांगली, तर उणे ११५ फारच कमकुवत. त्याच जागी एक फोन सातत्याने १० डीबीएम पुढे, म्हणजे शून्याच्या अधिक जवळ असेल, तर त्याला मिळणारा सिग्नल दसपट ताकदीचा आहे.

स्थिरतेची परीक्षा उन्हाळ्यात घेता आली तर उत्तमच. मे महिन्यात मराठवाड्यात पारा ४० अंशांपुढे जातो आणि तापलेला फोन स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग कमी करतो. दोन्ही फोनची बॅटरी आणि स्क्रीनचा उजेड सारखा ठेवून, दुपारी सावलीत अर्धा तास व्हिडिओ कॉल चालू ठेवावा व चित्र अडखळते का, अ‍ॅप आपोआप बंद पडते का, बॅटरी किती उतरते, हे लिहून ठेवावे. लगेच कॅमेरा उघडून तो किती वेळात सुरू होतो, हेही पाहावे.

निकाल जवळजवळ सारखे आले, तर ज्या कंपनीने सुरक्षा अपडेट अधिक वर्षे देण्याचे लेखी सांगितले आहे आणि जिचे सेवा केंद्र नांदेड, लातूर किंवा छत्रपती संभाजीनगर यांपैकी आपल्याला जवळच्या शहरात आहे, तिचा फोन घ्यावा.