‘बोल्ड’ भूमिकेची ऑफर आली तर: सहीआधी, सेटवर आणि नंतर

युवक महोत्सवात एकांकिका गाजली, एखादी रील चालली, की नांदेड, लातूर, जालन्याच्या मुलामुलींना मेसेज यायला लागतात: “वेबसिरीज आहे, लीड रोल आहे, थोडं बोल्ड आहे.” असं काम घ्यायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. ठरवण्याआधी काय विचारायचं, कागदावर काय घ्यायचं आणि सेटवर कुठे ठाम राहायचं, ते खाली दिलं आहे. दिग्दर्शन करणाऱ्यांनीही हे वाचावं, कारण चूक झाली तर पहिली जबाबदारी त्यांच्यावर येते.

काम नेमकं कुठलं?

“थोडं बोल्ड” या शब्दांत दोन अगदी वेगळी कामं लपलेली असतात. एकात शरीरसंबंधाचा फक्त अभिनय असतो. दुसऱ्यात संबंध खरा असतो, म्हणजे ते पॉर्न झालं. अमेरिकेत प्रौढ कलाकारांचा हा उघड व्यवसाय आहे. तिथे निर्मात्याला प्रत्येक कलाकाराच्या वयाचा फोटो असलेला पुरावा तपासून नोंद ठेवावी लागते, आणि उद्योगाच्या पद्धतीप्रमाणे दर 14 दिवसांनी लैंगिक आजारांची तपासणी होते. परदेशी कलाकारांच्या मुलाखती ऐकून इथे तशी कारकीर्द करता येईल असं वाटत असेल, तर आधी कायदा बघा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67अ प्रमाणे उघड लैंगिक कृत्य इलेक्ट्रॉनिक माध्यमातून प्रसिद्ध करणं किंवा पाठवणं हा गुन्हा आहे: पहिल्यांदा 5 वर्षांपर्यंत कैद आणि 10 लाखांपर्यंत दंड, दुसऱ्यांदा 7 वर्षांपर्यंत. सर्व्हर परदेशात असला तरी अपलोड जालन्यातून झालं, तर कायदा इथलाच लागतो. निर्मात्यासोबत कलाकाराचं नावही गुन्ह्यात येऊ शकतं.

केंद्र सरकारनं मार्च 2024 मध्ये 18 आणि जुलै 2025 मध्ये 25 ओटीटी प्लॅटफॉर्म बंद केले. म्हणून काम कुठे दाखवणार, हे नावासकट लेखी मागा. “प्लॅटफॉर्म नंतर ठरेल” असं उत्तर आलं तर पुढे जाऊ नका. वय 18 पेक्षा एका दिवसानेही कमी असेल तर विषय तिथेच संपतो. तिथे पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा लागतो, आणि पालकांच्या संमतीनं त्यात काहीही बदलत नाही.

ऑडिशन

ऑडिशनला पैसे लागत नाहीत. नोंदणी, कार्ड, पोर्टफोलिओ या नावाखाली कोणी रक्कम मागितली तर तिथूनच परत फिरा. ऑडिशनला कपडे उतरवायचे नसतात आणि तसा फोटो व्हॉट्सअॅपवरही पाठवायचा नसतो. अंगावरची खूण किंवा टॅटू बघायचा असेल तर करार झाल्यावर, तुम्ही निवडलेली व्यक्ती सोबत असताना बघता येतो. मुंबईला जाणाऱ्या देवगिरी किंवा तपोवन एक्स्प्रेसचं तिकीट काढण्याआधी ऑफिसचा पत्ता, बोलावणाऱ्याचं पूर्ण नाव आणि वेळ घरातल्या किंवा नाटकाच्या ग्रुपमधल्या एकाला तरी पाठवून ठेवा. परतीचं तिकीट स्वतःच्या पैशानं आधीच काढलेलं बरं. मुक्काम आणि परतीचा प्रवास दुसऱ्याच्या हातात असला की “नाही” म्हणणं फार अवघड जातं, आणि समोरच्याला ते पक्कं माहीत असतं.

करार आणि जोडपान

मूळ करारात मानधन, दिवस, कामाचे तास, हप्ते आणि प्लॅटफॉर्म असतात. मानधनाचा मोठा हिस्सा त्या सीनच्या शूटिंगआधी खात्यात जमा होईल असं लिहून घ्या. वर्षाचं मानधन 50,000 च्या वर गेलं तर कंपनी साधारणपणे 10 टक्के टीडीएस, म्हणजे मानधनातूनच आयकर कापते. तो कापला गेला की नाही, यावरून कंपनी कागदावर आहे का हेही कळतं.

खरा जीव मात्र जोडपानात असतो. इंडस्ट्रीत त्याला न्यूडिटी रायडर म्हणतात. त्यात प्रत्येक सीन क्रमांकासमोर काय दिसेल, काय दिसणार नाही, कोण कुठे हात लावेल आणि अंगावर काय असेल ते लिहायचं. “पटकथेच्या गरजेनुसार” हे शब्द दिसले की खोडा. त्यांच्या आडून सेटवर काहीही मागता येतं. त्याऐवजी असं लिहा: “सीन 14: पाठ कमरेपर्यंत दिसेल. समोरून छाती दिसणार नाही. चुंबन एक, ओठांवर. सहकलाकाराचा हात खांदा आणि पाठ एवढ्यापुरता.” खाली आणखी चार गोष्टी हव्यातच: लिहिल्यापेक्षा जास्त काही करायचं झालं तर नवं सही केलेलं पान लागेल, बॉडी डबल, म्हणजे तुमच्या जागी दुसऱ्याचं शरीर वापरायचं असेल तर तुमची लेखी परवानगी, सीनचे तुकडे ट्रेलर, पोस्टर किंवा रीलमध्ये वापरायचे की नाही, आणि एआयने चेहरा किंवा शरीर बदलायचं नाही.

हक्कांची मुदत आणि प्रदेशही लिहून घ्या. कॉपीराइट कायद्यात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरला जातो. पण “कायमस्वरूपी, जगभर” असं लिहिलेल्या पानावर सही केली तर हा आधार उरत नाही.

“करार मोडला तर 25 लाख भरावे लागतील” ही धमकी बऱ्याच जणांना गप्प बसवते. बेकायदा कामासाठी केलेला करार भारतीय करार कायद्याच्या कलम 23 प्रमाणे रद्दबातल असतो, मग तो 500 च्या स्टॅम्पवर असो की साध्या कागदावर. आणि कायदेशीर करारातही कोर्ट वाजवी भरपाई देतं. आकडा लिहिला म्हणून तो आपोआप देणं लागत नाही. सहीआधी वकिलाला एक तास द्या. आपल्याकडे संभाजीनगरला खंडपीठ आहे, करार वाचणारे वकील त्यासाठी मुंबईत शोधावे लागत नाहीत.

सीन बसवणं

असा सीन नाटकातल्या मारामारीसारखाच बसवायचा असतो, आकड्यांवर. एकला वळणं, दोनला हात खांद्यावर, तीनला श्वास, चारला कॅमेऱ्याच्या बाजूचा गुडघा वर. पूर्ण कपड्यांत, कॅमेऱ्याशिवाय दोन-तीन वेळा तालीम करा. “भावनेच्या भरात होऊ द्या” म्हणणाऱ्या दिग्दर्शकाला सीन बसवता येत नाही, असंच समजावं. जमलं तर इंटिमसी कोऑर्डिनेटर, म्हणजे असे सीन सुरक्षितपणे बसवून देणारी व्यक्ती घ्या. बजेट नसेल तर कलाकारांच्या बाजूनं बोलणारी, निर्मात्याच्या घरची नसलेली एक व्यक्ती नेमा आणि थांबण्याचा एक शब्द ठरवा. तो उच्चारला की कॅमेरा बंद, कारण विचारायचं नाही.

सेट बंद ठेवायचा म्हणजे नावांची यादी दाराला लावायची: दिग्दर्शक, कॅमेरा, फोकस, साउंड, मेकअप, कोऑर्डिनेटर. सगळ्यांचे मोबाइल बाहेर पिशवीत. मॉनिटर एकच, आणि तोही झाकलेला. “कट” म्हणताक्षणी अंगावर टाकायला गाऊन हातात घेतलेला माणूस उभा हवा. हे एक विसरलं की कलाकार पुढचा टेक आक्रसून करतो, आणि ते पडद्यावर दिसतं.

अंग झाकायला त्वचेच्या रंगाचे चिकट कपडे आणि टेप वापरतात, दोघांच्या मध्ये पातळ फोमची किंवा दुमडलेल्या कापडाची गादी ठेवतात. आपल्याकडे टेपचा खरा शत्रू घाम. मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो आणि आवाजासाठी पंखा, कूलर बंद करावा लागतो, मग तिसऱ्या टेकला टेपची कड सुटते. त्यावर उपाय साधे आहेत. शूटच्या दिवशी तेल, लोशन, पावडर काहीही लावायचं नाही. जागा साबणानं धुऊन पूर्ण कोरडी करायची, केस आदल्या दिवशी कात्रीनं बारीक करायचे. त्याच दिवशी वस्तरा फिरवला तर टेपखाली आग होते. टेपचे कोपरे गोल कापायचे, कारण टोकदार कोपरा आधी उचलला जातो. लावल्यावर तळहातानं अर्धा मिनिट दाबून धरायचं. एक दिवस आधी हाताच्या आतल्या बाजूला तुकडा लावून खाज येते का ते बघायचं. काढताना कडेला खोबरेल तेल चोळून 5 मिनिटं थांबायचं आणि केसांच्या दिशेनं, त्वचेला लागून सावकाश ओढायचं. वर झटका दिला तर साल निघते. टेपचा जादा रोल जवळ ठेवा आणि टेकच्या मध्ये पंखा चालू ठेवायला सांगा.

बहुतेक वेळा गडबड रात्री उशिरा होते. सगळे थकलेले, लोकेशनचं भाडं वाढतंय, आणि कोणीतरी म्हणतं, “फक्त हा एक शॉट.” म्हणून दिग्दर्शकानं हा सीन दिवसाच्या पहिल्या टप्प्यात लावावा. पॅकअपनंतर कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड कोणाकडे गेलं, किती कॉपी झाल्या, हे लिहून ठेवायचं. न वापरलेले टेक एडिट लॉक झाल्यावर, म्हणजे संकलन पक्कं झाल्यावर पुसायचे, हेही करारात हवं.

चित्रपटगृहात दाखवायचं असेल तर सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं. ओटीटीवर प्लॅटफॉर्म स्वतःच वर्गवारी करतो आणि ‘ए’ वर्गासाठी प्रेक्षकाचं वय पडताळण्याची सोय त्याला ठेवावी लागते.

फुटेज बाहेर आलं किंवा धमकी आली तर

पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी थांबत नाही. चॅट पुसू नका, लिंक, तारीख आणि खातं दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. चित्रीकरणाला संमती असली तरी पसरवायला नसेल, तर स्त्रीच्या बाबतीत भारतीय न्याय संहितेचं कलम 77 लागतं. पुरुष कलाकारासाठी ते कलम नाही, पण माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66ई आणि 67अ आहे. धमकी देऊन पैसे मागितले तर कलम 308 खंडणीचं. तक्रार कुठल्याही ठाण्यात, हद्द न बघता, झिरो एफआयआर म्हणून देता येते. ऑनलाइन दिली तर 3 दिवसांत जाऊन सही करावी लागते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर अशा मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते, मात्र पुढे तपास हवा असेल तर नाव द्यावंच लागतं.

त्याच दिवशी प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. 2021 च्या नियमांत नग्नतेच्या अशा तक्रारीवर कारवाईला 24 तासांची मुदत घातली होती. स्टॉपएनसीआयआय या मोफत सेवेत तुमच्याच फोनवर फोटो किंवा व्हिडिओचा सांकेतिक आकडा तयार होतो. मूळ फाइल फोनबाहेर जात नाही, आणि सहभागी प्लॅटफॉर्म तो आकडा जुळवून मजकूर अडवतात. त्यासाठी मूळ फाइल तुमच्याकडे असावी लागते, म्हणून रागाच्या भरात ती पुसू नका.