ब्रेकरमधला गरम वायू: कोकणातल्या उपकेंद्रांत होणाऱ्या या चुका टाळा

मिरग लागला की आमच्या किनारपट्टीवर ट्रिपिंगचा, म्हणजे लाइन आपोआप तुटण्याचा, हंगाम सुरू होतो. माडाचं झाप तारेवर पडतं, फणसाची फांदी मोडते, विजा कडाडतात आणि उपकेंद्रातला ब्रेकर, म्हणजे बिघाड झाला की वीजप्रवाह तोडणारा मोठा स्विच, दिवसातून चारचारदा उघडतो. फॉल्ट (बिघाडाचा प्रवाह) तुटला, हिरवा दिवा लागला, लॉगबुकात वेळ टाकली की आपल्या लेखी विषय संपतो. ब्रेकरच्या पोटात मात्र तो तेव्हा सुरू झालेला असतो.

ब्रेकरमधले जोड, म्हणजे कॉन्टॅक्ट, सुटताना जी आर्क (विजेची ज्योत) पेटते तिचा गाभा 15,000 ते 20,000 अंशांपर्यंत तापतो. तिला विझवतो एसएफ6 (सल्फर हेक्झाफ्लोराइड) वायूचा झोत, आणि तिची उष्णता घेऊन तोच झोत नोझलमधून, म्हणजे निमुळत्या तोंडातून, आणि पोकळ कॉन्टॅक्टमधून एक्झॉस्टकडे जातो. हा वायू तापलेला असतो, विरळ असतो, त्यात धातूची वाफ आणि नोझलच्या टेफ्लॉनचा धूर असतो. तो कुठे गेला आणि किती लवकर निवला, यावर ब्रेकर पुढचा व्होल्टेज पेलणार की नाही हे ठरतं. टेस्टिंगच्या कामात माझी वर्षं रत्नागिरी-सिंधुदुर्गात गेली. तिथे पाहिलेल्या बऱ्याच चुकांचं मूळ एकच होतं: या गरम वायूचा कुणी विचारच केलेला नव्हता.

आधी एक गैरसमज दूर करतो. एक्झॉस्ट म्हटलं की गाडीचा सायलेन्सर डोळ्यांपुढे येतो. जुन्या एअर ब्लास्ट ब्रेकरमध्ये तसं होतंही. दाबाची हवा आर्क विझवून थेट यार्डात सुटायची आणि तोफ उडाल्यासारखा आवाज यायचा. एसएफ6 ब्रेकरमधून बाहेर काहीही जात नाही. गरम वायू त्याच बंद चेंबरमध्ये थंड वायूत मिसळतो, एक्झॉस्टच्या धातूच्या भिंतींना उष्णता देतो आणि निवतो. म्हणजे त्याला लागणारी जागा, वाट आणि वेळ हे सगळं आतच मिळावं लागतं.

काटा हिरव्यात आहे, मग काळजी कसली?

ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. डेन्सिटी मॉनिटर, म्हणजे ब्रेकरवरचा हा काट्याचा मीटर, वायू किती आहे ते सांगतो, कसा आहे ते सांगत नाही. नोझलचा घसा रुंद झाला असेल, एक्झॉस्टमध्ये पावडर साचली असेल, वायूत ओल आली असेल, तरी काटा हिरव्यातच उभा राहतो.

आणि काटा खाली आला तर? गळती कुठे आहे ते न शोधता सिलिंडर लावून वायू भरला जातो, पुढच्या महिन्यात पुन्हा. खाऱ्या वाऱ्याने फ्लँजची कड खाल्ली की ओ-रिंगखालून (रबरी सीलखालून) बारीक गळती सुरू होते, आणि जिथून वायू बाहेर जातो तिथूनच ओल आत येते. दाब आत जास्त असला तरी येते, कारण पाण्याच्या वाफेचा दाब बाहेर जास्त असतो. हे अनेकांना पटत नाही, पण ड्यू पॉइंटचं, म्हणजे वायूतली ओल कुठल्या तापमानाला दवासारखी जमते त्याचं, रीडिंग घेतलं की पटतं. निर्धारित दाबाला आणि 20 अंश तापमानाला ड्यू पॉइंट उणे 5 अंशांच्या वर जाता कामा नये.

ओलीचा आणि गरम वायूचा संबंध थेट आहे. आर्कमध्ये एसएफ6 चे रेणू फुटतात. निवताना बहुतेक पुन्हा जुळतात, पण थोडे जुळत नाहीत. ते पाण्याशी भिडले की हायड्रोजन फ्लोराइड आणि सल्फर डायऑक्साइड तयार होतात. हायड्रोजन फ्लोराइड काचेला आणि पोर्सिलेनला खातो. कोरड्या वायूत जो फॉल्ट ब्रेकरला ओरखडाही काढत नाही, तोच ओल्या वायूत इन्सुलेशनच्या पृष्ठभागावर कायमची खूण ठेवून जातो.

"साहेब, एकदा घेऊन बघू का?"

मे महिन्याची अखेर, संध्याकाळी साडेसहाची वेळ, समुद्राकडून काळं मळभ. 110 केव्हीची लाइन ट्रिप झाली, ऑटो रिक्लोज, म्हणजे ब्रेकर आपोआप पुन्हा जोडण्याचा प्रयत्न, फसला. ऑपरेटरने फोन केला, "साहेब, एकदा घेऊन बघू का? गावं अंधारात आहेत." त्याची तळमळ खरी होती. मी लाइन पुन्हा जोडायला हो म्हटलं. पुन्हा ट्रिप. वरून दबाव आला, म्हणून दहा मिनिटांत आणखी दोनदा लाइन घेतली. ब्रेकर त्या दिवशी टिकला. पावसाळ्यानंतर पोल (ब्रेकरचा एका फेजचा खांब) उघडला तेव्हा नोझलचा घसा उमलल्यासारखा रुंद झालेला आणि आर्किंग कॉन्टॅक्टचं, म्हणजे आर्क झेलणाऱ्या कॉन्टॅक्टचं, टोक मेणबत्तीसारखं वितळून गोल झालेलं दिसलं. त्या दिवशीचा माझा निर्णय चुकीचा होता, आणि का चुकीचा होता ते मला तो तुकडा हातात घेतल्यावर नीट कळलं.

ब्रेकरच्या नेमप्लेटवर ड्युटी सायकल लिहिलेली असते: ओ, 0.3 सेकंद, सीओ, 3 मिनिटं, सीओ. ओ म्हणजे उघडणं, सीओ म्हणजे जोडून लगेच उघडणं. ती 3 मिनिटं फक्त मेकॅनिझमसाठी आहेत असं समजलं जातं. स्प्रिंग तर काही सेकंदांतच चार्ज होते, मग आपल्याला वाटतं ब्रेकर तयार झाला. ती वेळ वायूसाठीही आहे. नोझलच्या आसपासचा तापलेला, विरळ वायू एक्झॉस्टमध्ये पसरून थंड वायूशी एकजीव व्हायला, गॅपमध्ये पुन्हा दाट वायू यायला अवधी लागतो. तेवढ्यात दुसरा फॉल्ट आला तर झोत थंड वायूचा राहत नाही, मघाच्याच गरम वायूचा असतो, आणि त्याची इन्सुलेशनची ताकद कमी असते.

म्हणून रिक्लोज फसला की आधी रिलेवरचं (फॉल्ट ओळखणाऱ्या उपकरणावरचं) फॉल्टचं अंतर आणि करंट वाचा. उपकेंद्राच्या दारातला 20 केएचा (किलोअँपिअरचा) फॉल्ट आणि 40 किलोमीटरवरचा फॉल्ट ब्रेकरसाठी सारखे नसतात. प्रत्येक ट्रिपिंगला फेजनुसार करंट वहीत लिहा. पुस्तिकेत किती केएचे किती फॉल्ट झाल्यावर पोल उघडायचा याचा आलेख असतो. वही नसेल तर तो आलेख निरुपयोगी.

ओव्हरहॉलमध्ये वाट चुकते

मुख्य कॉन्टॅक्टचं रेझिस्टन्स चांगलं आलं म्हणून ब्रेकर पास करणं ही इथली मोठी चूक. आर्किंग कॉन्टॅक्ट झिजून आखूड झाला तरी ते रीडिंग चांगलंच येतं, कारण करंट मुख्य कॉन्टॅक्टमधून जातो. पण आर्किंग कॉन्टॅक्ट आखूड असला की सुटताना आर्क मुख्य कॉन्टॅक्टवर, म्हणजे नोझलच्या बाहेर पेटू शकते. मग गरम वायू ठरलेल्या वाटेने जातच नाही, पोर्सिलेनच्या आतल्या भिंतीकडे जातो. हे पकडायला डीसीआरएम, म्हणजे कॉन्टॅक्ट हलत असताना त्यांचं रेझिस्टन्स मोजणारी चाचणी, करा आणि जुन्या आलेखावर नवा ठेवून बघा.

जोडणी करताना एक्झॉस्टचा डिफ्लेक्टर, त्याची भोकं, शील्ड हे सगळं खुणांप्रमाणे बसलं पाहिजे. "वायू मोकळा जाऊ दे" म्हणून भोकं मोठी करणं, एका रेटिंगच्या ब्रेकरचा भाग दुसऱ्यात घालणं, स्थानिक कारखान्यात नोझल घडवून घेणं, हे कुणीही करू नये. भोकं लहान असली तर वायू तुंबतो, मोठी असली तर न मिसळता, न निवता पुढे जातो. जीआयएसमध्ये, म्हणजे वायू भरलेल्या धातूच्या कप्प्यांतल्या उपकेंद्रात, आणि डेड टँक ब्रेकरमध्ये तर बाहेरची टाकी जमिनीशी जोडलेली (अर्थिंग केलेली) असते. गरम वायूचा लोट जिवंत भाग आणि टाकी यांच्यामध्ये शिरला तर आर्क विझल्यावरही जमिनीकडे फ्लॅशओव्हर होऊ शकतो, म्हणजे वीज टाकीवर उडी मारू शकते.

दमट हवेत उघडलेला पोल

कोकणात पोल उघडायचा तर डिसेंबर ते फेब्रुवारीत, ऊन वर आल्यावर. जुलैत आर्द्रता नव्वदीच्या वर असते, तेव्हा अगदी गळ्याशी आल्याशिवाय उघडू नका.

ब्रेकरमध्ये एक छोटी पिशवी किंवा डबा असतो, त्यात मॉलिक्युलर सीव्हचे दाणे. ओल आणि गरम वायूतून उरलेले विषारी अंश हे दाणे शोषून घेतात. मी एकदा बघितलं, नव्या दाण्यांचं सीलबंद पाकीट सकाळी नऊला फोडून टेबलावर ठेवलं होतं. मग चहा झाला, नटबोल्ट झाले, जेवण झालं, आणि दुपारी दोनला ते आत बसवलं. तोवर त्या दाण्यांनी खाडीवरची ओल पोटभर घेतली होती. ब्रेकरसाठी त्यांच्यात जागा उरली नव्हती. पाकीट अगदी शेवटी फोडायचं, दाणे बसवायचे, झाकण लावायचं आणि लगेच व्हॅक्यूम पंप सुरू करायचा. वायू भरण्याआधी होजमधली हवाही काढायची. यार्डात कोपऱ्यात पडलेल्या उघड्या होजमधून किती पाणी आत जातं याचा अंदाज येत नाही.

33 केव्ही पॅनेलच्या डोक्यावरची झडप

बंद खोलीतल्या पॅनेलमध्ये प्रश्न वेगळा आहे, पण गोष्ट गरम वायूचीच. आत आर्क फॉल्ट झाला तर क्षणात दाब वाढतो. तो दरवाजा फाडून माणसाच्या अंगावर येऊ नये म्हणून वरती प्रेशर रिलीफ झडप असते. ती एका बाजूने लोखंडी बोल्टने आणि दुसऱ्या बाजूने मुद्दाम नायलॉनच्या बोल्टने धरलेली असते, दाब आला की नायलॉन तुटावं आणि झडप उघडावी म्हणून.

आता आपल्याकडे काय होतं ते बघा. नायलॉनचा बोल्ट ठिसूळ होऊन तुटतो आणि गंजणार नाही म्हणून कुणीतरी चांगल्या मनाने तिथे स्टेनलेस स्टीलचा बोल्ट पिळतो. छप्पर गळतं म्हणून पॅनेलवर निळी ताडपत्री अंथरून वर विटा ठेवल्या जातात. गंज येऊ नये म्हणून दरवर्षी रंगाचा हात मारताना झडपेची फटही रंगाने बुजते. प्रत्येक कामामागे काळजीच आहे, आणि प्रत्येक कामाने वायूची वाट बंद होते. मग तो समोरच्या दारातून येतो, जिथे ऑपरेटर उभा असतो.

गळतं छप्पर दुरुस्त करा, पॅनेल झाकू नका. पॅनेलच्या वर छतापर्यंत किती अंतर हवं ते उत्पादकाच्या चाचणी अहवालात असतं. फॉल्स सीलिंग किंवा केबल ट्रे त्या जागेत आणू नका. डक्ट असेल तर त्याचं बाहेरचं तोंड पायवाटेवर उघडत नाही ना, तिथे चिमण्यांनी घरटं केलेलं नाही ना, तेही बघा.

फॉल्टनंतर आत हात घालण्याआधी

मोठा फॉल्ट तोडल्यावर सल्फर डायऑक्साइडचं रीडिंग लगेच घेतलं तर ते जास्त येणारच. दोन दिवसांनी पुन्हा घ्या. उतरलं असेल तर दाणे काम करताहेत. तसंच राहिलं तर दाणे भरले आहेत किंवा आत अजून काही जळतंय. ज्या जीआयएस कप्प्यात ब्रेकरच नाही तिथे हे रीडिंग आलं, तर तो कप्पा तपासायलाच हवा.

वायू हवेत सोडू नका, गॅस कार्टने (वायू ओढून साठवणाऱ्या यंत्राने) परत घ्या. हवामान तापवण्यात एसएफ6 कार्बन डायऑक्साइडच्या 20,000 पटींहून जास्त घातक आहे. शिवाय तो हवेच्या पाचपट जड आहे. केबल ट्रेंचमध्ये साचला तर वास येत नाही, दिसत नाही आणि खाली उतरलेल्या माणसाचा श्वास कोंडतो. ट्रेंचमध्ये ऑक्सिजन मीटर आधी उतरवा, माणूस नंतर.

पोल उघडल्यावर दिसणारी पांढरट राखाडी पावडर म्हणजे धातूंचे फ्लोराइड. ती कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, फडक्याने झटकू नका. मास्क, चष्मा, रबरी हातमोजे घालून बारीक फिल्टरच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्या. फडकी, हातमोजे आणि जुने दाणे धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, आणि ते कपडे घालून घरी जाऊ नका. पावडरला घामाची ओल लागली की मानेवर, मनगटावर चुरचुरायला लागतं. तसं झालं तर भरपूर पाण्याने धुवून सरळ डॉक्टर गाठा, आणि त्यांना फ्लोराइडचं नाव घेऊन सांगा.