पद्मदुर्गावर उतरण्यापूर्वीची तयारी

मुरुडच्या किनाऱ्यावरून समोर दिसणाऱ्या पद्मदुर्गाला, म्हणजेच कासा किल्ल्याला, धक्का नाही. राजपुरीहून जंजिऱ्याला जातात तशा नेमाच्या होड्याही इथे नाहीत, त्यामुळे तयारी पंचांगापासून सुरू करा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. सप्तमीला भरती सव्वापाचच्या सुमारास, मग ओहोटी साडेअकराला. अर्धा तास इकडेतिकडे धरा आणि भरती-ओहोटीच्या तक्त्याशी पडताळून पाहा. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण टाळा. सप्तमी-अष्टमीच्या भांगात पाणी कमी चढतं, कमी उतरतं. पावसाळ्यात बेतच नको.

एकदऱ्याच्या कोळ्यांकडे होडी आदल्या दिवशी ठरवा आणि परवानगीचं बंदर कार्यालयात विचारून घ्या. पूर्ण ओहोटीत खाडीच्या तोंडाशी पाणी किती राहतं, हे नाखव्याला विचारायला विसरू नका, कारण परतीची वेळ त्यावरच ठरते. दुपारी वारा वाढून लाटा उठतात, तेव्हा साडेआठला उतरून अकराच्या आत निघणं बरं. होडी वाळूवर चढवू देऊ नका. पाणी मागे सरलं की ती भरतीपर्यंत हलत नाही. एक खलाशी होडीतच थांबावा.

गुडघाभर पाण्यात उतरावं लागेल असं धरून चाला. अनवाणी मुळीच नको, खडकावरची कालवं पाय कापतात आणि शेवाळावर चप्पल टिकत नाही. रबरी तळाचे, नाडीचे जुने बूट घाला. मोबाइल-पाकिटासाठी पाणी न शिरणारी पिशवी, प्रत्येकाला अंगावर बसणारं लाइफ जॅकेट (बक्कल किनाऱ्यावरच लावून पाहा), जंतुनाशक, पट्ट्या, चिमटा, शिट्टी. माणशी तीन लिटर पाणी. टाक्यांतल्या पाण्यावर विसंबू नका. प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याने इथली रसद अडवली म्हणून शिवाजी महाराजांनी त्याला कडक पत्र लिहिलं होतं. तुमची रसद तुमच्याच पाठीवर आहे.

तटावर चढण्याचा मोह होईल. खारा तुषार दगडाच्या छिद्रांत वाळतो, मिठाचे स्फटिक फुगतात आणि दगड आतून झिजतो, चुना मात्र शाबूत राहतो. म्हणून मधमाशीच्या पोळ्यासारख्या दिसणाऱ्या भिंतीत चुन्याच्या कडेवर पाय देऊ नका. मागे दगड उरलेलाच नसतो. पडकोटाकडे, म्हणजे मुख्य किल्ल्याबाहेरच्या कोटाकडे, जाणार असाल तर तिकडे आधी जा, पाणी चढायला लागण्यापूर्वी परत या, आणि किनाऱ्यावरच्या एकाला परतीची वेळ सांगून ठेवा.