घरकर्जावरील आयकर वजावटीसाठी आपण पात्र आहोत का, हे कसे तपासावे

हप्ता सुरू झाला म्हणजे करसवलत मिळालीच, असे गृहीत धरून अनेकजण विवरणपत्र भरतात आणि नोटीस आल्यावर कागद शोधू लागतात. त्यापेक्षा पात्रता आधीच क्रमाने तपासणे हिताचे आहे. येथील कलमे आयकर अधिनियम, १९६१ मधील असून ती आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नाला लागू आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा अधिनियम आल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत.

प्रथम करप्रणाली ठरवा. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात स्वतः राहत्या घराचे व्याज व मुद्दल यांपैकी कशाचीही वजावट मिळत नाही. त्यामुळे पुढील पायऱ्या मुख्यतः जुनी प्रणाली निवडणाऱ्यांसाठी आहेत. नाशिकच्या सातपूर-अंबड भागातील कारखान्यांतील पगारदारांना ही निवड दरवर्षी करता येते, मात्र विवरणपत्र मुदतीत भरले पाहिजे. व्यावसायिकांना जुनी प्रणाली निवडण्यासाठी अर्ज क्रमांक १०-आयईए भरावा लागतो.

दुसरी पायरी नावांची. नोंदणीकृत खरेदीखत किंवा इंडेक्स-२ (नोंदणी कार्यालयाचा खरेदी नोंदीचा उतारा) आणि बँकेचे कर्जमंजुरीपत्र शेजारी ठेवून दोन्हींत आपले नाव आहे ना, ते पाहा. घर वडिलांच्या नावावर आणि हप्ते मुलाच्या पगारातून, अशी व्यवस्था आपल्याकडे सर्रास असते. पण मालकीत वाटा नसेल तर मुलाला वजावट मागता येत नाही. पती-पत्नी दोघेही मालक आणि सहकर्जदार असून दोघेही परतफेड करीत असतील, तर वजावटीची मर्यादा प्रत्येकाला स्वतंत्र मिळते.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची, कारण बांधकाम रखडलेल्या खरेदीदाराचे नुकसान येथेच होते. कलम २४(बी) नुसार राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाख रुपयांपर्यंत वजावट मिळते. परंतु कर्ज घेतलेले आर्थिक वर्ष संपल्यापासून ५ वर्षांत घर पूर्ण झाले पाहिजे. समजा, पाथर्डी फाट्यावरील सदनिकेसाठी ऑगस्ट २०२० मध्ये कर्ज घेतले, तर ३१ मार्च २०२६ ही शेवटची तारीख ठरते आणि ती उलटल्यास मर्यादा थेट ३० हजारांवर येते. म्हणून महापालिकेचा भोगवटा दाखला (इमारत पूर्ण होऊन राहण्यायोग्य असल्याचे प्रमाणपत्र) आणि ताबापत्र जपून ठेवा. घर पूर्ण झालेल्या आर्थिक वर्षाच्या आधीच्या ३१ मार्चपर्यंत भरलेले व्याजही वाया जात नाही. ते घर पूर्ण झालेल्या वर्षापासून ५ समान भागांत मागता येते, मात्र एकूण मर्यादेच्या आतच.

मुद्दलासाठी कलम ८०-सी आहे. भविष्य निर्वाह निधी, विमा वगैरे धरून एकूण मर्यादा दीड लाख रुपये असून मुद्रांक शुल्क व नोंदणी शुल्कही भरलेल्या वर्षीच तिच्यात बसते. मित्र-नातेवाइकांकडून घेतलेल्या कर्जाचे मुद्दल येथे चालत नाही.

कर्ज १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२२ या काळात मंजूर झाले असेल, घराचे मुद्रांक मूल्य (मुद्रांक शुल्कासाठी धरली जाणारी किंमत) ४५ लाखांपर्यंत असेल आणि मंजुरीच्या दिवशी आपल्या नावे दुसरे घर नसेल, तर कलम ८०-ईईए खाली व्याजावर आणखी दीड लाखांपर्यंत वजावट मिळू शकते. नव्या कर्जांना ही सोय नाही.

घर विकण्याचा विचार असेल, तर ताबा मिळालेले आर्थिक वर्ष संपल्यापासून ५ वर्षे थांबा. त्याआधी विकल्यास ८०-सी खाली घेतलेली वजावट विक्रीच्या वर्षी उत्पन्नात मिळवून तिच्यावर कर भरावा लागतो.